पोरींना डाव शिकवा, पण वस्ताद आधी पारखून घ्या

२६ जानेवारीला झेंडावंदन आटोपले की आता बऱ्याच गावांच्या शाळेत लेझमीच्या जोडीला मुलींच्या कराटेची प्रात्यक्षिके होतात. पोरी ओळीने उभ्या राहतात, शिट्टी वाजली की एका आवाजात ओरडून ठोसा मारतात, एखादी धीट पोरगी कौल फोडून दाखवते. सरपंच, पोलीस पाटील टाळ्या वाजवतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. ही चांगलीच गोष्ट आहे. तीस वर्षांमागे आपल्या भागात मोठ्या पोरीने भर मैदानात पाय उचलला असता तर पारावर आठ दिवस चर्चा झाली असती. आज तिचा बापच मोबाईलवर तिचा फोटो काढतो.

पण फोटो निघाला म्हणजे काम झाले असे नाही. शिकवणारा कोण होता, त्याची चौकशी कोणी केली, तो किती दिवस आला, पोरींना नेमके काय शिकवून गेला, आणि उद्या एखादी पोरगी घाबरत घाबरत काही सांगायला आली तर तिचे ऐकून घेणारे गावात कोण आहे? हे प्रश्न विचारणे हे गावाचे काम आहे. ते ना शिक्षणाधिकाऱ्याकडून होईल, ना मंत्रालयातून.

प्रश्न शाळेचाच आहे

हिंगोली जिल्ह्यात हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव हे पाच तालुके. अनेक लहान गावांत शाळा सातवी-आठवीपर्यंतच. पुढे शिकायचे तर मोठ्या गावी जावे लागते. कोणी एसटीने, कोणी मानव विकासच्या बसने, कोणी सायकलवर, तर कोणी फाट्यापर्यंत पायी. या वाटेवर कोणी मागे लागले, कोणी वाईटसाईट बोलले, की पोरगी घरी सांगत नाही. कारण सांगितले की उत्तर ठरलेले असते : "उद्यापासून शाळा बंद." शाळा बंद झाली की दिवाळीनंतर सोयरीक सुरू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींची लग्ने अठरा वर्षांच्या आत झाल्याचे आढळले. आपला जिल्हा १ मे १९९९ रोजी ज्या परभणीतून वेगळा झाला, त्या परभणीत हा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे जवळजवळ दोघींत एक.

म्हणून स्वसंरक्षणाचे शिक्षण हा पोरीच्या शिक्षणाचाच भाग आहे. तिला वाटेची भीती राहिली नाही, बापाला तिच्याबद्दल भरवसा वाटला, तर ती बारावीपर्यंत जाते. आणि हेच शिक्षण वाईट माणसाच्या हाती गेले, एखादीचा हात मोडला किंवा त्याहून वाईट काही घडले, तर कराटे तर बंद होतेच, पण गावातल्या दहा पोरींची शाळाही त्यासोबत बंद होते. नुकसान एवढे मोठे आहे.

पंधरा हजारांचा हिशेब

योजना आहेत. केंद्राच्या समग्र शिक्षा अभियानात "राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण" या नावाने सहावी ते बारावीच्या मुलींसाठी सरकारी शाळांत तीन महिन्यांचे प्रशिक्षण आहे. त्यासाठी शाळेला महिन्याला पाच हजार, म्हणजे तीन महिन्यांचे पंधरा हजार रुपये ठरलेले आहेत. राज्याच्या महिला व बालविकास विभागाने जुलै २०२३ मध्ये "राजमाता जिजाऊ युवती स्वसंरक्षण प्रशिक्षण" घेतले. सप्टेंबर २०२४ मध्ये आयटीआयमधल्या मुलींसाठी "हर घर दुर्गा" अभियान सुरू झाले. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण समितीलाही स्वतःच्या उत्पन्नाच्या दहा टक्के निधीतून मुलींना ज्युदो-कराटे शिकवता येते. ग्रामपंचायतीनेही आपल्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात.

आता पंधरा हजारांचा हिशेब शेतकऱ्याच्या पद्धतीने मांडू. तीन महिने म्हणजे बारा आठवडे. आठवड्याला दोन तास धरले तर चोवीस तास. एका तासाला सव्वासहाशे रुपये पडले. पेट्रोल आणि येण्याजाण्याचा वेळ धरला तर हे फार नाहीत, पण अगदीच थोडेही नाहीत. मात्र एकाच माणसाने वीस शाळा घेतल्या असतील, तर त्याला आठवड्याला चाळीस तास घ्यावे लागतील, म्हणजे रोज सहा-सात. सेनगावच्या एका टोकाहून कळमनुरीच्या दुसऱ्या टोकाला मोटारसायकल पळवत हे जमते का, याचा विचार ज्याचा त्याने करावा. अशा ठिकाणी चोवीस तास कागदावर आणि चार तास मैदानावर असेच होणार.

दुसरे असे की निधी वर्षाच्या शेवटी आला की प्रशिक्षण फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकले जाते. आपल्याकडे तेव्हा हळद काढणी आणि शिजवणी जोरात असते. पोरी रानात, मास्तर परीक्षेच्या तयारीत, मग शिकणार कोण? शाळा व्यवस्थापन समितीने जूनच्या बैठकीतच प्रशिक्षणाचे महिने ठरवून तसे गटशिक्षणाधिकाऱ्यांना लिहून द्यावे. सोयाबीन काढणीचे आणि हळदीचे दिवस सोडून बाकी वर्ष मोकळेच आहे.

नुसता पट्टा बघून भुलू नका

सगळ्यात मोठा प्रश्न शिकवणाऱ्याचा. काळा पट्टा, चार-पाच प्रमाणपत्रे आणि एखाद्या पुढाऱ्याबरोबरचा फोटो दाखवला की मुख्याध्यापक सही करून मोकळे होतात. पण कराटे, तायक्वांदो, किक-बॉक्सिंग यांच्या संघटना अनेक, आणि पट्टे देणारेही अनेक. पट्ट्यावरून माणसाला डाव येतो एवढे फार तर कळते. तो लेकरांशी कसा वागतो हे पट्ट्यावरून कळत नाही.

तमिळनाडूत काय झाले ते ऐका. तिथल्या कृष्णगिरी जिल्ह्यात ऑगस्ट २०२४ मध्ये एका खासगी शाळेत एनसीसीच्या नावाने शिबिर भरले. शाळेत एनसीसीचे युनिटच नव्हते. "शिबिर घेतले तर तुम्हाला युनिट मिळेल" असे सांगून काही लोक आले आणि शाळेने चौकशी न करता मुलींना मुक्कामी ठेवले. पुढे शिबिर चालवणाऱ्याने एका मुलीवर अत्याचार केल्याचे आणि इतर अनेक मुलींशी गैरवर्तन केल्याचे प्रकरण बाहेर आले. मुलींनी शाळेत सांगितले होते, तरी शाळेने पोलिसांना कळवले नाही, असा आरोप झाला आणि शाळेतल्या जबाबदार लोकांनाही अटक झाली. खऱ्या एनसीसीने तर हे शिबिर आपले नव्हतेच असे सांगितले.

त्याच राज्यात कोईमतूरजवळ जुलै २०१८ मध्ये एका महाविद्यालयात आपत्तीतून सुटण्याचे प्रात्यक्षिक होते. मुलीने दुसऱ्या मजल्यावरून खाली धरलेल्या जाळीत उडी घ्यायची होती. ती कचरत होती. प्रशिक्षकाने तिला ढकलले, तिचे डोके खालच्या छज्जावर आपटले आणि एकोणीस वर्षांची पोरगी गेली. हा प्रशिक्षक आमचा नाही, असे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने नंतर जाहीर केले. चौकशी नंतर झाली. ती आधी करायला एक फोन पुरला असता.

आपल्या गावाने यातून एवढे घ्यावे. प्रशिक्षकाचे पोलीस चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागावे. त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. तो ज्या संघटनेचे नाव सांगतो तिची माहिती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारावी. त्याने आधी शिकवलेल्या दोन शाळांच्या मुख्याध्यापकांना फोन करावा. बाई प्रशिक्षक मिळत असेल तर उत्तमच. पुरुष असेल तर शाळेतली एक शिक्षिका किंवा अंगणवाडी ताई पूर्ण वेळ मैदानावर हजर पाहिजे. तिने खोलीत वह्या तपासत बसून चालणार नाही. वर्ग उघड्या मैदानात घ्यावा, बंद खोलीत नाही. एकट्या मुलीला "जादा सराव" म्हणून थांबवून घ्यायचे नाही. मुलींचे नंबर प्रशिक्षकाच्या मोबाईलमध्ये नसावेत, निरोप पालकांच्या नंबरवर जावा. हात धरून डाव दाखवायचा तर आधी मुलीला विचारावे आणि शक्यतो मुलीनेच मुलीला धरून दाखवावे. चांगल्या शिक्षकाला यातली एकही अट जाचणार नाही. ज्याला जाचते त्याला चहा पाजून परत पाठवावे.

तालमीतली शिस्त

आपल्याकडे कुस्तीची परंपरा आहे, जत्रेतला फड आहे. तालमीत नवा पोरगा आला की वस्ताद त्याला पहिल्या दिवशी डाव शिकवत नाही. आधी हौदा खणायला लावतो, जोर-बैठका काढायला लावतो, मग पडायचे कसे ते शिकवतो. बाहेर जाऊन ताकद दाखवणाऱ्याला तालमीत जागा नसते. ही शिस्त कराटेच्या वर्गातही हवी.

सिमेंटच्या ओट्यावर पोरींना एकमेकींवर आपटायला लावणे हा शुद्ध अडाणीपणा आहे. मॅट घ्यायला पैसे नसतील तर माती आपली आहे. दगड-खडे वेचून, चाळून, भुसभुशीत केलेला मातीचा चौकोन शाळेच्या कोपऱ्यात एका रविवारी श्रमदानाने होतो. हौद्याच्या मातीत ताक, तेल, लिंबू आणि हळद घालतात, आणि हळद तर आपल्याच शिवारातली आहे. गळा आवळण्याचे, मान पिरगाळण्याचे डाव लेकरांना शिकवू नयेत. कौल, फरशी, विटा फोडण्याचे खेळ बंद करावेत. त्याने बोटांची हाडे दुखावतात आणि संकटात काडीचा उपयोग होत नाही. सहावीची पोर आणि बारावीची पोर एका जोडीत लावू नये. उपाशीपोटी वर्ग घेऊ नये, पोषण आहार झाल्यावर तासाभराने घ्यावा. पाळी असलेल्या किंवा अंगात रक्त कमी असलेल्या मुलीने "आज नको" म्हटले तर कारण न विचारता बसू द्यावे. शिक्षा म्हणून मारणे, उठाबशा काढायला लावणे याला तिथे जागा नाही. मारापासून वाचायला शिकवायचे आणि त्यासाठी मार द्यायचा, हे कसले शिक्षण?

काय शिकवायचे?

बहुतेक ठिकाणी शिकवतात ते असे : अनोळखी गुंड अंधारातून येतो, पोरगी त्याला लाथ मारते, तो पडतो. पण पोलीस दफ्तरातली गोष्ट वेगळी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत वर्षानुवर्षे हेच दिसते की बलात्काराच्या दहा गुन्ह्यांतल्या नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचाच असतो. शेजारी, सोयरा, घरोबा असलेला, लग्नाचे आमिष दाखवणारा. ज्याला पोरगी काका, दादा म्हणते, त्याला लाथ मारायला तिचा पाय उचलत नाही. तिथे आधी मन तयार करावे लागते.

कॅनडातल्या तीन विद्यापीठांत यावर मोठा अभ्यास झाला आणि तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे नऊशे तरुणी होत्या. निम्म्या मुलींना बारा तासांचे प्रशिक्षण दिले, निम्म्यांना नुसती माहितीपत्रके. वर्षभरानंतर पाहिले तर माहितीपत्रके दिलेल्या मुलींत बलात्काराचे प्रमाण ९.८ टक्के होते, प्रशिक्षण घेतलेल्यांत ५.२ टक्के. जवळजवळ निम्मे. या बारा तासांत मारामारीचे डाव हा एकच भाग होता. ओळखीच्या माणसाचा डाव आधी कसा ओळखावा, संकोच सोडून "नाही" कसे म्हणावे, आरडाओरड कशी करावी, यावर मोठा भर होता. तो देश वेगळा, तिथल्या मुली मोठ्या, हे खरे. पण धडा आपल्यालाही लागू पडतो : आवाज आधी, पाय पळायला, हात सर्वांत शेवटी.

म्हणून गावच्या वर्गात पहिले काही तास बोलण्याचे असावेत. मोठ्याने ओरडणे, "हात सोड" असे ठणकावून सांगणे, गर्दीकडे पळणे, मनगट सोडवून घेणे, ११२ वर फोन करणे, १०९८ आणि १८१ हे नंबर पाठ असणे. त्यानंतर मोजके चार-पाच डाव, पण शंभर वेळा घोटलेले. "तीन महिन्यांत तुम्ही दहा जणांना लोळवाल" असे सांगणारा प्रशिक्षक पोरींना धोक्यात घालतो. मोबाईल किंवा पाकीट मागितले तर देऊन टाकावे, जीव आणि अब्रूपुढे वस्तू मोठी नाही, हेही शिकवावे लागते.

कायदा किती हात देतो

१ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वतःच्या बचावाचा हक्क सांगितला आहे. स्वतःचे किंवा दुसऱ्याचे अंग वाचवण्यासाठी केलेला प्रतिकार गुन्हा ठरत नाही. जीव जाण्याची, बलात्काराची, पळवून नेण्याची किंवा अॅसिड फेकण्याची भीती असेल तर हा हक्क हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंतही पोचतो. पण बचावाला लागेल तेवढेच बळ वापरायचे, ही मर्यादा आहे आणि धोका संपला की हक्कही संपतो. जत्रेत कोणी हात धरला, पोरीने हिसडा देऊन कोपर मारले, तर तो बचाव झाला. तो पळाल्यावर चौघींनी गाठून डोक्यात दगड घातला, तर तो बचाव राहत नाही. हा फरक प्रशिक्षकाने समजावलाच पाहिजे. दप्तरात चाकू ठेवायचा सल्ला देणाऱ्याला तर वर्गात उभे करू नये. हत्यार हिसकावले गेले तर ते तिच्यावरच चालते.

पोरगी बोलली तर?

जानेवारी २०२३ मध्ये देशासाठी ऑलिम्पिक पदक आणणारे मल्ल दिल्लीत जंतरमंतरवर बसले. महिला मल्लांच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकून घ्या, एवढेच त्यांचे मागणे होते. गुन्हा नोंदवला गेला तो एप्रिलच्या शेवटी, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर. या काही कच्च्या पोरी नव्हत्या. यांना धोबीपछाड शिकवायला कोणी प्रशिक्षक नको होता. तरी ऐकून घेणारे कोणी नसेल तर अंगातले बळ पुरत नाही, हे सगळ्या देशाने पाहिले.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात तर पूर्व प्राथमिकच्या दोन चिमुकल्या होत्या आणि आरोपी शाळेतलाच सफाई कर्मचारी. त्या लेकरांना कोणता डाव शिकवणार? पालकांची तक्रार घ्यायला दिरंगाई झाली, लोक रुळावर उतरले, पोलीस अधिकारी निलंबित झाले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने शाळांत सीसीटीव्ही, तक्रार पेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी आणि सखी सावित्री समिती यांबाबत बजावले. ही समिती तर २०२२ पासूनच नेमायची होती. तुमच्या शाळेत ती आहे का? तक्रार पेटी असेल तर तिची किल्ली कोणाकडे आहे, ती शेवटची कधी उघडली?

आणखी एक गोष्ट प्रत्येक मुख्याध्यापकाने, सरपंचाने आणि पोलीस पाटलाने ध्यानात ठेवावी. अठरा वर्षांखालील लेकरावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले किंवा तशी शंका आली तर पोलिसांना कळवणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. "गावची अब्रू जाईल, आपसात मिटवू" असे म्हणून चार जणांनी बैठक घेतली, तर ती बैठकच अंगाशी येते. पोलीस पाटलाने बैठकीचा निरोप देऊ नये, ठाण्याचा रस्ता दाखवावा.

पोरांचे काय?

सगळा भार पोरींवरच टाकून चालणार नाही. वाटेवर उभे राहणारे पोर आपल्याच गावचे, आपल्याच घरचे असते. मुलींना डाव शिकवताना त्याच शाळेतल्या मुलांना वागणूक शिकवली पाहिजे. पाठलाग करणे, परवानगीशिवाय फोटो काढणे हा गुन्हा आहे, हे दामिनी पथकाच्या बाईंनी शाळेत येऊन सांगावे आणि बापाने घरी सांगावे. मुलांनाही मैदानात घ्या. तालमीची शिस्त त्यांना जास्त लागते.

एवढे तरी करा

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या बाया असल्या पाहिजेत, असे शिक्षण हक्क कायदाच सांगतो. या बायांनी महिन्यातून दोनदा वर्ग चालू असताना मैदानाच्या कडेला जाऊन बसावे. प्रशिक्षकाची हजेरी वेगळ्या वहीत ठेवावी आणि चोवीस तास भरल्याशिवाय शेवटच्या बिलावर सही करू नये. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते. तिथे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी, म्हणजे आपल्या तोंडी अजूनही ग्रामसेवकच, प्रशिक्षकाची पडताळणी झाली की नाही ते वाचून दाखवावे. सरपंच अध्यक्ष असलेली ग्राम बाल संरक्षण समिती कागदावर असेल तर ती एकदा खरोखर बसवावी. आणि वर्ग संपल्यावर मुलींना, प्रशिक्षक आणि पुरुष मास्तर नसताना, एवढेच विचारावे : "काय शिकलात, आणि काही खटकले का?"

बियाणे घेताना आपण पिशवीवरचे लेबल वाचतो, पावती मागतो, उगवण झाली नाही तर कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करतो. बैल घेताना तर दात मोजून घेतो. आपल्या लेकीला ज्याच्या हवाली करायचे, त्या माणसाची निदान तेवढी तरी पारख करायला नको का?